आधी मांस, मग शिंगं : अलास्कातले पंधरा दिवस

दादा गेली अकरा वर्षं अलास्कात मूसच्या, म्हणजे हरणवर्गातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्याच्या, शिकारीला जायचं म्हणत होता. गेल्या सप्टेंबरात तो, वहिनी आणि मी असे तिघं गेलो. परवाना आणि टॅग (मारलेल्या जनावराला अडकवायची पट्टी) फक्त दादाच्या नावावर. वहिनी आणि मी वाहायला. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण शिकारीच्या गोष्टी बहुतेक वेळा गोळी लागली की संपतात. आमची त्यानंतर दहा दिवस चालली, आणि मला लिहावंसं वाटतंय ते त्या दहा दिवसांबद्दल.

पहिला दिवस, फेअरबँक्स

परराज्यातून येणाऱ्याला शिकारीचा परवाना 160 डॉलर आणि मूसचा कुलूपवाला टॅग 800 डॉलर. तपकिरी अस्वल (ग्रिझली), डोंगरी मेंढा किंवा डोंगरी बकरा मारायचा असेल तर परराज्यातल्या माणसाला परवानाधारक वाटाड्या किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. मूसला लागत नाही, पण ही सवलत अमेरिकेच्या नागरिकांनाच. दादा नागरिक आहे. कागदांचं काम तासाभरात उरकलं.

बाकी सगळा दिवस गेला परतीच्या तयारीत. अजून एक प्राणीही नजरेला पडला नव्हता, आणि दादा मांस कापून गोठवून देणाऱ्याच्या दुकानात उभा राहून विचारत होता, "दहा दिवसांनी साधारण दोनशे किलो आणलं तर शीतघरात जागा मिळेल का?" सप्टेंबरात या दुकानांत रीघ असते. नाव नोंदवलं. मग सहा रिकामे कूलर घेतले आणि मुक्कामाच्या जागी ठेवून दिले. मांस भरायच्या सुती पिशव्या, म्हणजे गेम बॅग, दहा. वहिनी म्हणाली, एका जनावराला आठ पुरतील ना? दादा म्हणाला, "एक फाटते, एक चिखलात पडते. दहाच घे."

सायट्रिक अ‍ॅसिडची पूड, फवारणीची बाटली, दोन ताडपत्र्या, शंभर मीटर बारीक दोर, चार चाकू, एक घडीची करवत, ओढायची प्लॅस्टिकची घसरगाडी, अस्वलासाठी बॅटरीवरचं विजेचं कुंपण, आणि सामान टांगून मोजायचा हातकाटा. वहिनीने त्या काट्यासाठी एक वही केली. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. खाली आलेले आकडे तिच्यातलेच.

दुसरा दिवस, बेटल्स आणि तळं

बेटल्स हे आर्क्टिक वृत्ताच्या थोडं उत्तरेला, कोयुकुक नदीकाठचं अगदी लहान गाव. उन्हाळ्यात तिथे रस्ता जात नाही, विमानानेच पोचायचं. त्याला लागूनच एव्हान्सव्हिल ही मूळ रहिवाशांची वस्ती आहे, अथाबास्कन आणि इनुपियाक लोकांची.

आम्ही सामान घेऊन धावपट्टीशी बसलो होतो तेव्हा तिथल्या एक म्हाताऱ्या बाई वहिनीशी बोलायला लागल्या. कुठून आलात, काय मारणार. मूस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "नाकाचं काय करता तुम्ही लोक?" वहिनीला कळेना. मूसचं नाक भाजून, केस काढून, तासन्‌तास उकळून त्याचा थिजलेला पदार्थ करतात. त्यांच्याकडे ते फार आवडीचं. बाहेरचे शिकारी ते कधीच आणत नाहीत, म्हणाल्या. वहिनीने लगेच शब्द दिला, "मिळालं तर आम्ही आणू."

दादाने ते ऐकलं आणि काही बोलला नाही. का ते मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी पाण्यावर उतरणाऱ्या बीव्हर विमानातून निघालो. हे विमान 1947 साली पहिल्यांदा उडालं आणि 1967 पर्यंतच बनत होतं, म्हणजे आम्ही बसलो ते माझ्यापेक्षा वयाने मोठं. वैमानिकाने प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवली, आम्हालाही उभं केलं. मग म्हणाला, "तळ्यापासून एक मैलाच्या आतच मारा. त्यापलीकडे मारलंत तर तुम्ही ते वेळेत काठाला आणू शकणार नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत."

विमानाने आलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. विमानातून जनावर हेरायचं आणि उतरून लगेच मारायचं, असं कुणी करू नये म्हणून हा नियम. म्हणून तंबू लावला, कुंपण लावलं आणि काठावर बसून राहिलो. बर्चची पानं पूर्ण पिवळी झाली होती.

तिसरा आणि चौथा

पाऊस. दादा मूसच्या खांद्याचं जुनं वाळलेलं हाड झुडपांवर घासायचा, नर शिंगं घासतो तसा आवाज काढायला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मोठा नर दिसला, दुर्बिणीतूनही मोठा. मधे ओढा आणि पाणथळ, अंतर साधारण तीन किलोमीटर. दादाने पंधरा मिनिटं पाहिलं आणि दुर्बीण खाली ठेवली. मी म्हटलं, "जाऊया ना." तो म्हणाला, "अगं, जाऊ. पण परत किती वेळा जाऊ?"

चौथ्या दिवशी दुसरा एक तळ्यातच उभा होता, पोटापर्यंत पाण्यात, पाणवनस्पती खात. तोही सोडला. पाण्यात पडलेला मूस तिघांना बाहेर काढता येत नाही.

पाचवा दिवस

सकाळी सात वाजता, तळ्यापासून नऊशे मीटरवर, कोरड्या चढावर. आधी शिंगं मोजायची. आमच्या भागात परराज्यातल्या शिकाऱ्याला लहान नर मारता येत नाही. शिंगांची रुंदी निदान 50 इंच हवी, नाहीतर कपाळाकडच्या टोकांची ठरलेली संख्या हवी. लांबून इंच कसे मोजायचे, हे दादा वर्षभर चित्रं बघून शिकला होता. त्याने तीनदा खात्री केली. अंतर एकशे चाळीस मीटर. एक गोळी. तो चार पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसला.

मी पहिल्यांदाच एवढं जनावर इतक्या जवळून पाहत होते. घोड्यापेक्षा मोठं. पापण्यांचे केस लांब, आणि त्यांवर दव. दादा त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्याने शिकारीच्या नोंदीच्या तिकिटावरचा महिना आणि तारीख कापली, शिंगाला कुलूपवाला टॅग अडकवला. टेपने रुंदी मोजली, 54 इंच. आणि मग आमचं खरं काम सुरू झालं.

अलास्कात खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे, आणि नियम मोघम नाही. चारही पाय, मान, सीना, बरगड्यांवरचं मांस, पाठीच्या कण्यालगतच्या दोन्ही लांब पट्ट्या, आतल्या बाजूच्या दोन मऊ पट्ट्या, सगळं आणायचं. आमच्या भागात तर पाय आणि बरगड्या हाडासकट आणाव्या लागतात. रानात हाड काढून ओझं हलकं करण्याची मुभा नाही. नर असल्याची खूण मागच्या एका पायाला तशीच ठेवायची. आणि शिंगं मांसाच्या आधी हलवायची नाहीत. शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतर. शिंगं घेऊन मांस कुजायला सोडून जाणारे लोक होते म्हणूनच हे लिहावं लागलं असणार. मला हा नियम फार बरोबर वाटतो.

एक बाजू सोलायची, त्या बाजूचे पाय काढायचे, मग दोर बांधून तिघांनी मिळून उलटवायचं. सोललेलं कातडं खाली अंथरलेलं राहतं म्हणून मांसाला माती लागत नाही. मागचा पाय काढणं माझ्याकडे आलं. वहिनीने पाय खांद्यावर घेऊन वर उचलून धरला, आणि मी मांडीच्या आत चाकू घालत गेले. दादा सांगत होता, "हाडाला धरून जा, घाई नको." माझा हात कोपरापर्यंत आत, आणि आत इतकं गरम की बाहेरच्या थंडीत मनगटापासून वाफ निघत होती. खुब्याचा गोळा बोटांना लागला. त्याभोवती टोक फिरवलं, आतला दोरीसारखा बंध कापला, आणि सांधा ओला आवाज करून सुटला. सगळा पाय वहिनीच्या अंगावर आला. काट्यावर 54 किलो.

ही गरमीच शत्रू. इतक्या जाड मांसात, हाडाजवळ, ती तासन्‌तास कोंडून राहते आणि मांस आतूनच आंबतं. बाहेरून काही कळत नाही. म्हणून आधी कातडं काढणं, मग तुकडे वेगळे करणं, मग हवा लागेल असे फांद्यांवर ठेवणं, पिशवीत भरणं त्यानंतर.

तिसऱ्या प्रहरी फक्त डोकं राहिलं. तेव्हा मला दादाचं बेटल्समधलं गप्प राहणं समजलं. त्याला भिंतीवर खांद्यापर्यंतचं पूर्ण डोकं लावायचं होतं, अकरा वर्षांपासून. त्यासाठी खांद्यापासूनचं कातडं चेहऱ्यासकट एकसंध काढावं लागतं. ओठ चिरून उघडायचे, कान उलटे करायचे, नाकाची कूर्चा काढून पातळ करायची आणि आयोडीन नसलेलं मीठ भरपूर चोळायचं. नाक कापलं की ते डोकं संपलं. मीठ आम्ही आणलं होतं, अकरा किलो. वहिनी म्हणाली, "अरे, मला माहीत नव्हतं. मी उगाच बोलून बसले."

दादा डोक्याशेजारी बसून होता. "तू शब्द दिलायस," तो म्हणाला. मग त्याने चाकू घेतला, वरच्या ओठासकट नाक कापलं, जीभ काढली, दोन्ही एका वेगळ्या पिशवीत ठेवली. शिंगांखालची कवटीची पट्टी करवतीने कापून घेतली. मीठ तसंच परत आलं.

सहावा दिवस

नऊशे मीटर म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं. तिथली जमीन गवताच्या गाठोड्यांची असते, प्रत्येक गाठोडं गुडघ्याएवढं, डुलणारं, आणि दोन गाठोड्यांच्या मधे पाणी. वर पाय ठेवला तर घोटा मुरगळतो, मधे ठेवला तर बूट भरतो. रिकाम्या हाताने पंचवीस मिनिटं. पाठीवर पुढचा पाय, 41 किलो, घेऊन एक तास.

आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोन खेपा झाल्या होत्या. आज पहाटेपासून बाकीच्या. मागचे पाय पाठीवर घेणं एकट्याला शक्य नव्हतं. ते घसरगाडीवर बांधून दोघांनी ओढायचे आणि तिसऱ्याने मागून ढकलायचं. पाण्याच्या भागात गाडी चांगली सरकते, गाठोड्यांवर दर दहा पावलांना उलटते. मानेची पिशवी मी आणली, 28 किलो, आणि मधेच बसले. उठता येईना. पट्टे काढून, कुशीवर वळून, परत पट्टे चढवून उठले. त्यानंतर बसायचं नाही, उभ्यानेच झाडाला टेकायचं, हे ठरलं.

काठाजवळ, तंबूपासून शंभर मीटर लांब, तीन स्प्रूसच्या मधे आडवी काठी बांधून पिशव्या टांगल्या. एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. वर ताडपत्री, पण चारी बाजू उघड्या. कुंपण तंबूभोवतीचं काढून मांसाभोवती लावलं. रानातले धीट करडे पक्षी, जेज, लगेच जमले आणि पिशव्यांतून चोच घालून चरबी ओढायला लागले.

शेवटची खेप संध्याकाळी सातला. दादा शिंगं पाठीवर बांधून आला, एकटाच, झुडपांतून वाट काढत. आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. वहीत त्या रात्रीची बेरीज आहे : मागचे पाय 108, पुढचे 82, बरगड्या 46, मान 28, पट्ट्या आणि सुटं मांस 54. एकूण 318 किलो. काळीज, जीभ आणि नाक वेगळं. खेपा बारा.

रात्री काळजाचे पातळ काप तव्यावर परतून खाल्ले. उपग्रह यंत्रावरून वैमानिकाला निरोप पाठवला, मांस काठाला आलं आहे.

सातवा दिवस

ऊन पडलं. दुपारी पारा 16 अंशांवर. एरवी हा सुंदर दिवस म्हटला असता. मांस 4 अंशांच्या खाली असावं, म्हणजे निवांत झोपता येतं. 16 म्हणजे घड्याळ चालू झालं.

माश्या आल्या. निळ्या, जाड. पिशवीच्या विणीतून अंडी आत टाकतात. सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात कालवून प्रत्येक तुकड्यावर फवारलं. त्याने पृष्ठभाग आंबट होतो, जिवाणूंची वाढ मंदावते आणि माश्याही फारशा टेकत नाहीत. मग पिशव्या बदलल्या. रक्ताने ओल्या झालेल्या धुऊन झुडपांवर वाळत घातल्या, कोरड्यांत मांस घातलं. दहावी पिशवी किती कामाची ते तेव्हा कळलं. वाऱ्याच्या बाजूला ओल्या फांद्यांचा धूर केला.

दादाला वाटत होतं, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ओढ्याच्या गार पाण्यात बुडवावं. वहिनी नाही म्हणाली. हवा कोंडली आणि एक भोक पडलं तर सगळं ओलं होईल, आणि ओलं मांस गरम मांसापेक्षा लवकर जातं. दोघंही बराच वेळ बोलत राहिले. मी वहिनीच्या बाजूने होते. एव्हाना मांसावर कोरडी, गडद, कागदासारखी साय धरली होती आणि तीच त्याचं रक्षण करत होती. ती भिजवायची कशाला? शेवटी ताडपत्री खाली ओढून सावली वाढवली, आणि सूर्य गेला की ती पूर्ण गुंडाळून ठेवायची, म्हणजे रात्रीची थंडी सरळ मांसाला लागेल, असं ठरलं.

दर दोन तासांनी दादा मागच्या पायाच्या सांध्याशी चाकूचं टोक खोल खुपसायचा, बाहेर काढून हुंगायचा आणि माझ्यापुढे धरायचा. "तू सांग, माझं नाक थकलंय." लोखंडाचा वास, थोडा गोडसर. ठीक. संध्याकाळी सहाला डाव्या पायाला मला काहीतरी वेगळं वाटलं. वाटलं की आहे, कळेना. त्याने सांध्याचा भाग आणखी उघडा केला, गोळ्याभोवती दोन बोटं रुंद फट पाडून काडीने उघडी ठेवली. रात्री अकराला परत हुंगलं. तो वास गेला होता. पारा 3 वर आला होता. मी तंबूत जाऊन बूट न काढताच झोपले.

वैमानिकाचा निरोप : उद्या येतो.

आठवा दिवस

उद्या आला, विमान नाही. तळ्यावर धुकं, दुसरा काठ दिसेना. दुपारी दीडच्या सुमारास वर कुठेतरी इंजिनाचा आवाज आला आणि लांब गेला. पण धुक्याने गारवा टिकला, दिवसभर 6 अंश. दादा म्हणाला, विमान न येण्यासारखाच हा दिवस आहे आणि मांस टिकण्यासारखाही.

वाळूत अस्वलाची पावलं. कुंपणाला वळसा घालून गेलेली.

नववा दिवस

सकाळी दहाला बीव्हर उतरलं. वैमानिक सगळ्यात आधी पिशव्यांपाशी गेला. एकेक पिशवी हाताने दाबून पाहिली, हुंगली. "कोरडं आहे. छान ठेवलंत," एवढंच म्हणाला. दादाचा चेहरा मी पाहिला. 54 इंच मोजले तेव्हाही तो इतका खुलला नव्हता.

पहिल्या फेरीत सगळं मांस, आणि शिंगं बाहेर फ्लोटच्या, म्हणजे विमान ज्यांवर पाण्यात तरंगतं त्यांच्या, दांड्यांना बांधून. शिंगं बाहेर बांधली असली की तो माणसं घेत नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. बाहेरच्या शिंगांनी हवा अडते, विमान जड चालतं. दुसऱ्या फेरीत आम्ही तिघं आणि सामान. मधले साडेतीन तास आम्ही रिकाम्या काठावर, त्या आडव्या काठीखाली बसून होतो. जेज अजून येत होते.

बेटल्सला पोचल्यावर वहिनी एव्हान्सव्हिलला गेली आणि त्या बाईंना घेऊनच आली. नाकाची पिशवी त्यांनी उघडून पाहिली, बोटाने दाबली, आणि हसल्या. दादाने दोन्ही बाजूंच्या बरगड्या त्यांच्याच घरी पोचवल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. शिकारीचं मांस दुसऱ्याच्या हवाली करताना एक फॉर्म भरावा लागतो, कोणाचं, कुठलं, किती, दोघांच्या सह्या. विकता तर येतच नाही. अलास्कात अशा मांसाची खरेदी-विक्री बेकायदा आहे. बाई सही करत असताना दादाने विचारलं, किती वेळ उकळता? त्या म्हणाल्या, "होईपर्यंत."

दहावा

फेअरबँक्सचं विमान लहान. माल वजनावर घेतात आणि प्रवाशांच्या सामानानंतर जागा उरली तर. आमच्याबरोबर 150 किलो आलं, बाकी दुसऱ्या दिवशी. मागे राहिलेल्या पिशव्या रात्रभर उघड्या छपराखाली सावलीत टांगल्या असतील याची खात्री दादाने दोनदा करून घेतली. शिंगंही मागच्या मालाबरोबरच.

अकरा ते तेरा, फेअरबँक्स

आता हाड काढायला हरकत नव्हती. दुकानदाराने मांडी कापून हाडाजवळचा भाग आम्हाला दाखवला, डाव्या पायाचासुद्धा. लाल, घट्ट, स्वच्छ. वरची काळपट साय आणि वाळलेल्या कडा गेल्या, हाडं गेली. बरगड्या दिल्यानंतरच्या 272 किलोंचे 195 राहिले. आम्ही बारीक कापून घेतलं नाही, मोठेच तुकडे व्हॅक्यूम पिशवीत बंद करून गोठवायला दिले. वेळ वाचतो, आणि मोठा तुकडा प्रवासात उशिरा वितळतो.

65 किलो तिथल्या गरजूंसाठी दिलं, परत तोच फॉर्म. 130 उरलं. हा आकडा हवेतून आला नव्हता. तिघांचे प्रत्येकी दोन कूलर, म्हणजे सहा, आणि विमानात एका डब्याला 50 पौंड, साधारण 23 किलो. त्याहून जास्त झालं की दंडाची रक्कम मांसापेक्षा जड होते. मग आमचे कपडे, बूट, तंबू? ते सगळं पोस्टाने पार्सल करून पाठवलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी हे नक्की करावं, कपडे आठ दिवसांनी आले तरी काही बिघडत नाही.

ड्राय आइस घालायचा तर माणशी अडीच किलोच, वायू बाहेर पडायला जागा ठेवायची आणि डब्यावर तसं लिहायचं. आम्ही घातला नाही. दगडासारखं गोठलेलं मांस, फटींत वर्तमानपत्र ठासलेलं, झाकणाभोवती टेप. मधली मोकळी हवाच मांस वितळवते, म्हणून डबा गच्च हवा.

शिंगांचं काम दादाने अंगणात बसून केलं. कवटीची पट्टी उकळली, मांस आणि मेंदूचा प्रत्येक कण खरवडला, मग पांढरी करायला पेरॉक्साइड. हे फक्त दिसण्यासाठी नाही. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पसरला आहे. अलास्कात तो आजवर आढळलेला नाही, तरी कितीतरी राज्यं, आमचंही त्यांतलंच, बाहेरून आणलेल्या हरणवर्गीय प्राण्याचा मेंदू किंवा पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. हाड काढलेलं मांस चालतं, स्वच्छ कवटीवरची शिंगं चालतात. निघण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा.

काही लोक कवटी मधोमध चिरून दोन्ही शिंगं एकमेकांत बसवतात, पार्सल निम्मं होतं. आमच्या शिकारीला रुंदीची अट होती, म्हणून पट्टी अखंड ठेवणं भाग होतं. टोकांवर बागेच्या नळीचे तुकडे चिरून बसवले, टेप लावली, लाकडी चौकटीत बांधून विमानाच्या मालवाहतुकीने पाठवली.

चौदावा

काउंटरवरच्या मुलीने सहाही डबे तोलले. सगळ्यात जड 22.6. मधल्या विमानतळावर उशीर झाला, पळत सुटलो आणि पुढचं विमान मिळालं. रात्री पट्ट्यावर पाच डबे आले. सहावा आला नाही. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, उद्या संध्याकाळी. कुठे ठेवलाय, थंडीत आहे का, हे त्याला सांगता येईना.

त्यात आतल्या मऊ पट्ट्या होत्या, आणि मी सोललेल्या पायाचा सगळा भाग. दादा घरी येऊन पाच डबे फ्रीझरमध्ये लावत होता, प्रत्येक पुडकं दाबून पाहत. मी गच्चीत बसून राहिले. फेअरबँक्सहून निघून अठरा तास झाले होते, आणखी अठरा व्हायचे होते.

पंधरावा

डबा संध्याकाळी सहा वाजता दारात आला. एक कोपरा चेपलेला, टेप मात्र जागच्या जागी. वहिनीने टेप कापली. वरचं वर्तमानपत्र दमट होतं. कडेच्या दोन पुडक्यांची टोकं अंगठ्याने दबत होती. तिने हात खाली घातला, मधलं एक पुडकं ओढून काढलं आणि ओट्यावर ठेवलं, तर दगड ठेवल्यासारखा आवाज झाला. दादा काहीच बोलला नाही, त्याने कढई काढली. मऊ झालेली दोन पुडकी त्या रात्रीच शिजवली.

वहिनीने वही आणली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं : सहावा डबा, 22.1. दोन पुडकी आज खाल्ली. बाकी ठीक.